बाप असताना केलेलं चकोट

उन्हाळ्यात डोक्याला तेल किती लावावं, यावरून माझा आणि आमच्या न्हाव्याचा कित्येक वर्षांचा वाद आहे. तो अड्याळच्या बाजाराच्या रस्त्यावर एका खुर्चीचं दुकान चालवतो आणि मी तिथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवतो. गावातल्या डोक्यांची आतली बाजू माझ्याकडे आणि बाहेरची त्याच्याकडे, अशी आमची वाटणी आहे. त्याचं काम माझ्यापेक्षा बरं चालतं, हे गावही मान्य करतं.

होळी झाली की तो सुरू होतो. "गुरुजी, आता थंडीतलं तेल बंद करा. लावाचंच अशीन त न्हायच्या आधी अर्धा घंटा लावा अन् धुऊन टाका. हेल्मेटच्या आत सुती फडकं ठेवा, रोज धुतलेलं. अन् ओल्या केसावर दुपट्टा बांधत जाऊ नका." एवढंच त्याचं शास्त्र. मी ते दरवर्षी ऐकतो, मान हलवतो (तो वस्तरा बाजूला घेतो तेव्हाच) आणि घरी येऊन डोक्यावर वाटीभर तेल ओततो. कारण माझं स्वतःचं शास्त्र होतं: तेल लावलेल्या डोक्याला ऊन कमी लागतं. हे कुठल्या पुस्तकात आहे असं कोणी विचारू नये. ते माझ्या डोक्यातच होतं, आणि डोक्याचं काय झालं ते आता सांगतो. त्या न्हाव्याची चार वाक्यं ऐकली असती तर माझ्या बापाचा हात धरून त्याला ऑपरेशनच्या दारापर्यंत मीच नेलं असतं.

गेल्या वर्षी चैत्रातच पारा चढला. सकाळी तेल, त्यावर हेल्मेट, हेल्मेटच्या आत घाम. पंधरा दिवसांत टाळूवर कोंड्याचा थर, मग खाज, मग बारीक लाल पुटकुळ्या. एका हातात खडू आणि दुसरा हात डोक्यात, अशी माझी शिकवण्याची पद्धत झाली. मागच्या बाकावरची पोरं एका तासात मी किती वेळा खाजवतो यावर पैज लावत, हे मला निकालाच्या दिवशी कळलं.

उपाय केले नाहीत असं नाही. आधी बाजारातलं थंड तेल आणलं, ते कापराच्या वासाचं. थंडावा जास्त हवा म्हणून दुप्पट चोपडलं. तिसऱ्या तासाला ते घामाबरोबर डोळ्यांत उतरलं आणि मी नववीच्या वर्गाला प्रकाशाचं परावर्तन रडत रडत शिकवलं. एक मुलगी उठून म्हणाली, "सर, राहू द्या, आमाले समजलं." मग मुलतानी माती लावली आणि सुकेस्तोवर कूलरसमोर बसलो. कूलरने ती इतकी वाळवली की भुवया वर जाईनात. बायको म्हणाली, "जरा जास्त भिजवली अस्ती त मांगची भित बी लिपून झाली अस्ती." दह्याचा प्रयोग मी सांगत नाही. शिक्षकांच्या खोलीत त्या दिवशी माझ्या बाजूची खुर्ची रिकामी होती आणि माशा मात्र होत्या, एवढंच.

माझ्या या दुःखात एकच माणूस भागीदार होता. माझ्याच शाळेत मराठी शिकवणारा माझा मित्र. वीस वर्षांचा दोस्त. त्यालाही तीच खाज, आणि भाषा शिकवत असल्यामुळे त्याच्याकडे तिच्यासाठी शब्दही जास्त. निकाल लागला, सुट्या सुरू झाल्या, आणि त्या दिवशी आम्ही दोघांनी शाळेच्या आंब्याखाली ठरवलं की डोकीच साफ करून टाकायची. चकोट. केसच नाहीत तर कोंडा बसेल कुठे?

कल्पना माझी होती. "एकट्यानं केलं त लोक हासतात," मी म्हणालो, "दोघांनी केलं त लोकाले वाटते काहीतरी कार्यक्रम अशीन."

तो हसला, मग थांबला. "पन तुमच्यात चालते का बे? काकाजी आहेत ना."

काकाजी म्हणजे माझे वडील. त्याचा मुद्दा खोटा नव्हता. आमच्याकडे बाप गेला, माय गेली की पोरगा डोकं भादरतो. बाप जिवंत असताना डोक्याला वस्तरा लावणं म्हणजे बापाच्या मरणाला आवतण धाडणं. माझ्या मित्राच्या घरी हे काही नाही. त्याच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच घरातून या चाली बाहेर गेल्या. त्याचे वडील वारले तेव्हा बुद्धवंदना झाली आणि याने डोक्यावरचा एक केस कमी केला नाही. त्यामुळे खरं तर त्याला कसलीच आडकाठी नव्हती आणि मला होती. पण विचारणारा तो आणि छाती काढणारा मी.

"केस म्हणजे मेलेल्या पेशी," मी त्याला शिकवलं. "मेलेल्या पेशींचा जित्त्या माणसाशी संबंध नाही."

"हे मले माहीत आहे. काकाजीले माहीत आहे का?"

आणि मग मी जे बोललो ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. मी म्हणालो, "त्यायले कुठं दिसते?"

दिसत नव्हतं हे खरं. वडील आसगावला राहतात, आमची धानाची शेती बघतात. बघतात म्हणायचं एवढंच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा तर पूर्णच पिकलेला. माणूस ते पायांच्या आवाजावरून ओळखत आणि बांध पायांनी चाचपून चालत. दोन हिवाळे आम्ही ऑपरेशनसाठी मागे लागलो होतो. ते घाबरत होते, पण घाबरतो असं म्हणायचं नसल्यामुळे दर वेळी बैलाचं काहीतरी निघायचं. शेवटी त्या उन्हाळ्यात कबूल झाले. "पऱ्हे टाकाच्या आधी करून टाकू," म्हणाले. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. ती टाकायच्या वेळी त्यांना वाफा स्वतः बघायचा होता. "पन एक आहे. आत नेईपावतर माहा हात तूच धरशील. नर्सच्या हाती देऊ नको मले." मी शब्द दिला. भंडाऱ्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात सोमवारची तारीख मिळाली. मित्राची गाडी न्यायचं ठरलं. आणि त्याच्या आधीच्या शुक्रवारी मी चकोट करायला निघालो. आता कळलं ना, किती हुशार माणसाची ही गोष्ट आहे?

न्हाव्याने माझं ऐकलं आणि वस्तरा खाली ठेवला. "कोण गेलं, गुरुजी?"

"कोणी नाही. पुटकुळ्या आहेत."

"बाबाजी?"

"ठणठणीत."

"मंग म्या नाही करत. मशीन मारतो बारीक. त्यानं बी हवा लागते. अन् तेल बंद करा म्हणून म्या सांगतलंच होतं."

या शेवटच्या वाक्याने माझं डोकं फिरलं. मी त्याला अंधश्रद्धेवर दहा मिनिटं ऐकवलं. दुकानातली दोन माणसं हातातला पेपर टाकून ऐकत होती. शेवटी तो बिचारा म्हणाला, "मिशी ठेवतो बरं. मिशीले हात नाही लावत, तुमी किती बी विज्ञान सांगा." आणि त्याने पाणी लावलं.

एकच खुर्ची, म्हणून पहिला मी. मित्र मागच्या बाकावर, आरशात दिसेल असा बसला होता. कपाळापासून मागे वस्तऱ्याचा पहिला पट्टा निघाला तेव्हा तो हसत होता. दुसऱ्याला हसू थोडं कमी झालं. माझं डोकं केसांखाली कसं आहे हे मला स्वतःलाही माहीत नव्हतं. डाव्या बाजूला ते जरा चेपलेलं आहे, आणि मागे एक उंचवटा आहे, भाजलेल्या वांग्याचा देठ काढल्यावर राहतो तसा. न्हाव्याने मान खाली दाबली. मी मान वर केली तेव्हा आरशात बाक रिकामा होता.

"मॅडमचा फोन आला म्हणाले," न्हावी म्हणाला आणि आरशातून नजर काढून घेतली.

तो मला पन्नास पावलांवर रसवंतीत सापडला. हातात उसाच्या रसाचा ग्लास, आणि पंख्याच्या वाऱ्यावर केस उडत होते. सगळे.

"दगाबाज," मी म्हणालो.

"माफ कर यार. म्या बसणारच होतो. पन तुही खोपडी पाह्यली अन् माही हिंमत गेली. माही बी अशीच निंगाली त?"

"वीस वर्षांची दोस्ती!"

"म्हणून त खरं सांगून राहिलो. दुसरा अस्ता त फोन आला म्हणला अस्ता."

"तूच म्हणला न्हाव्याले!"

"न्हाव्याले म्हणलो. तुले नाही." आणि त्याने माझ्यासाठी रस सांगितला. रसवंतीवाल्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, ग्लास काठोकाठ भरला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "धीर धरा, गुरुजी."

त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की मी काय करून बसलोय. घरापर्यंतच्या रस्त्यात मला सहा जणांनी धीर दिला. मी प्रत्येकाला सांगत होतो, कोणी गेलं नाही, खाज होती. ते मान हलवत होते. दुःखात माणूस असंच काहीबाही बोलतो, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं. दारात बायकोच्या हातातलं सूप पडलं. "अवो! कोण...?" मी खाज म्हणालो. ती मग जे बोलली त्यातलं छापण्यासारखं एवढंच, "सोमवारी बाबाजीले न्यायचं आहे अन् तुमी हे करून आले?"

"दुपट्टा बांधून जाईन. या दिवसांत सगळेच बांधतात."

"घरात बी बांधान? जेवतानी बी?"

"त्यायले कुठं दिसते?" मी म्हणालो. दुसऱ्यांदा.

रविवारी दुपारी आसगावला पोचलो. एकटाच, मोटारसायकलवर. मित्र दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी घेऊन येणार होता. वडील छपरीत खाटेवर बसले होते. बाजूला त्यांची पिशवी तयार. धुतलेलं धोतर, टॉवेल, दवाखान्याचे कागद, सगळं नीट घडी करून. माझी गाडी ओळखून ते आधीच हसत होते. मी दुपट्टा घट्ट केला आणि पाया पडलो.

आता आमच्याकडे पाया पडणं म्हणजे वाकलं आणि उठलं असं नसतं. वडिलांची माझ्या लहानपणापासूनची सवय आहे. ते डोक्यावर हात ठेवतात, बोटं केसांत घालतात, एक हलकासा हिसका देतात आणि म्हणतात, "उठ." तो हिसका बसल्याशिवाय मी घरी आलो असं त्यांना वाटत नाही. पन्नाशीला आलो तरी ही रीत सुटली नव्हती. आणि दुपट्ट्याचा बेत आखताना नेमकी हीच गोष्ट मी विसरलो होतो.

बोटं कापडावर फिरली. थांबली.

"सोड ते फडकं. छपरीत कायचं ऊन?"

"राहू द्या बाबा, घाम आहे."

त्यांनी दुपट्ट्याच्या कडेतून हात आत घातला. तळवा माझ्या टाळूवर टेकला आणि तसाच राहिला. शेतीतल्या माणसाचा हात, भेगा पडलेला. त्या भेगा मला एकेक मोजता आल्या असत्या. मी वाकलेलाच होतो. उठ कोणी म्हणत नव्हतं.

"तुही माय गेली तवा असंच लागलं होतं हाताले," ते म्हणाले. "आता कोण गेलं?"

"कोणी नाही, बाबा. उन्हाळ्यापायी. पुटकुळ्या झाल्या होत्या."

"कोणी नाही गेलं."

"नाही."

"मंग माह्याचसाठी आहे हे." त्यांनी हात काढून घेतला. "उद्या आत नेतीन मले, अन् तू आजच करून आला. तयारीत आहेस."

मी बोलायला लागलो. पेशी, कोंडा, घाम. माझं मलाच ते नववीच्या पुस्तकासारखं ऐकू येत होतं. त्यांनी मध्येच विचारलं, अगदी साध्या आवाजात, "मले दिसत नाही म्हणून बांधून आला का दुपट्टा?"

नशीब असं की तेवढ्यात फाटक वाजलं. नशीब चांगलं असं मला वाटलं. ते फक्त घटकाभर. फाटकातून आमचे एक लांबचे सोयरे आत आले. पवनीकडचे, डोक्याला पंचा, चेहरा उतरलेला. अड्याळच्या बाजारात कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की गुरुजींनी डोकं भादरलं. भर उन्हात सायकल मारत भला माणूस आला होता. आधी त्याला माझं डोकं दिसलं, कारण दुपट्टा सुटला होता. त्याचे डोळे भरून आले. "कसं झालं, भाऊ?" म्हणत तो पुढे झाला, आणि मग त्याला खाटेवर माझे वडील दिसले.

त्याने डोक्याचा पंचा सोडला आणि डोळ्यांऐवजी मान पुसली.

वडिलांनी आवाज ओळखला आणि काय झालं असेल तेही ओळखलं. "ये, बस," ते म्हणाले. "जरा लवकर आला तू."

बिचारा पाणी प्यायला, चहा प्यायला, धानाच्या भावावर दोन वाक्यं बोलला आणि निघून गेला. तो गेल्यावर वडिलांनी पिशवी उचलली, चाचपत आत गेले आणि टॉवेल खुंटीवर टांगल्याचा आवाज आला. बाहेर येऊन म्हणाले, "उद्या नाही जाणं."

"बाबा, तारीख लागली आहे."

"केस येऊ दे. मंग पाहू."

मी विनवलं, मग चिडलो, मग पुन्हा विनवलं. मित्राला फोन लावून दिला. त्याचंही "काकाजी, असं नोका करू" त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन मला परत दिला. "तो चांगला पोरगा आहे," म्हणाले. "त्याच्या डोस्क्यावर केस आहेत ना?"

"आहेत," मी दात खाऊन म्हणालो.

मग सुरू झाली माझी केस वाढवायची तपश्चर्या. जे डोकं मी केसांपासून सोडवायला निघालो होतो, त्याच्यावर आता रोज सकाळी आरशापुढे एकेक खुंट शोधत होतो. न्हाव्याकडे गेलो. त्याने "सांगतलं होतं" म्हटलं नाही, हे त्याचे उपकार. उघड्या टाळूला ऊन लागू देऊ नका, म्हणाला. सुती दुपट्टा सैल बांधा, दिवसातून दोनदा साध्या पाण्यानं धुवा, खाजवू नका, तेल एक थेंब नाही. यावेळी मी सगळं ऐकलं. पुटकुळ्या आठ दिवसांत बसल्या, टाळू साफ झाली. इतकी निरोगी टाळू माझी जन्मात नव्हती. पण केस आपल्याच चालीने येतात. त्यांना दवाखान्याच्या तारखा कळत नाहीत.

दर रविवारी आसगावला जायचो. पाया पडायचो. तळवा डोक्यावर यायचा.

"दाढीसारखं लागते," पहिल्या रविवारी.

"टोचते," दुसऱ्या रविवारी.

तिसऱ्या रविवारी त्यांनी बोटांच्या चिमटीत धरायचा प्रयत्न केला, आणि ते निसटलं. हिसका देण्याइतकं अजून आलेलं नव्हतं. त्याच रविवारी मी पाहिलं की त्यांच्या डाव्या नडगीवर खरचटलं होतं. छपरीची पायरी चुकली होती. "कायले विचारतो," म्हणाले, "लागते कधी कधी." बाहेर जाळणाऱ्या झळा होत्या, नवतपा लागला होता. जेठ महिन्यातले ते नऊ दिवस, आमच्याकडे त्यात कुत्रंही सावली सोडत नाही. मृग पंधरा दिवसांवर आला होता. वाफा नांगरून पडला होता आणि बघणाऱ्याला तो दिसत नव्हता. "बाबा, चला ना आता," मी म्हणालो. ते वाफ्याच्या दिशेला तोंड करून बसले. मला वाटलं, कबूल होत आहेत.

होतच होते. फक्त मला नाही.

बुधवारी सकाळी फोन केला, कोणी उचलला नाही. पुन्हा केला. दहा वाजता गाडी काढून आसगावला गेलो, तर घराला कुलूप. शेजारची काकू कुंपणावरून म्हणाली, "ते त भंडाऱ्याले गेले ना, डोळ्याले. पहाटीच. मास्तर आल्ते गाडी घेऊन. तुमाले माहीत नाही?"

मला माहीत आहे असं मी म्हणालो. खोटं बोलायची सवय झालीच होती.

नवतप्याच्या त्या दुपारी मोटारसायकलवर भंडाऱ्यापर्यंत मी काय काय बोललो ते हेल्मेटच्या आतच राहिलं. दवाखान्याच्या ओसरीत बाकावर माझा मित्र बसला होता. मांडीवर वडिलांची पिशवी, पायाशी वडिलांच्या चपला. एकीत एक घालून नीट ठेवलेल्या.

"तू इथं?" तो म्हणाला. जसा काही चोर मी.

"माहा बाप आहे तो."

"हो. आत आहेत. आत्ताच नेलं."

"तुले कवापासून माहीत होतं?"

"चार दिवस. काकाजीनं काकूच्या हातून फोन लावून घेतला. पऱ्ह्याचा टाइम निंगून जाईन म्हणत होते. अन् शपथ घातली, तुले सांगाचं नाही."

"तू कवापासून शपथ मानाले लागला?"

"शपथ नाही मानत," तो म्हणाला. "काकाजीले मानतो."

मी त्याच्या बाजूला बसलो नाही. समोरच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. तिथूनच विचारलं, "कागदावर सही कोणाची?"

"माही."

"नातं काय लिहिलं?"

तो पिशवीच्या बंदाशी खेळत राहिला. "म्या पुतण्या लिहीत होतो. काकाजीच म्हणले, मुलगा लिही. नाही त इचारत बसतीन, पोरगा कुठं आहे."

"अन् दारापावतर हात?"

"म्याच धरला." मग त्याने मान वर केली. "लय घट्ट धरला होता बे त्यायनं. तू पायजे होतास."

याच वाक्याने मला त्याचा सगळ्यात जास्त राग आला. दगा द्यायचा तर पूर्ण द्यावा. असा मध्येच चांगुलपणा काढला की समोरच्याने भांडायचं कोणाशी?

अर्ध्या-पाऊण तासाने वडिलांना बाहेर आणलं. उजव्या डोळ्यावर पट्टी. मी पुढे झालो, हात पुढे केला. त्यांनी तो चाचपला, ओळखला.

"तू कवा आला?"

"आत्ताच."

"उन्हात आला. पानी पे पहिले." आणि त्यांनी दुसरा हात मित्राच्या खांद्यावर टाकला आणि चपला पायात सरकवल्या.

परत निघताना मी माझी मोटारसायकल दवाखान्यातच ठेवली आणि गाडीत मागे वडिलांजवळ बसलो. पवनीचा फाटा येईपर्यंत धीर धरला, मग राहवलं नाही. "बाबा, मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं अस्तं त तू आला अस्ता," ते म्हणाले आणि सीटला डोकं टेकून झोपले. मित्राने आरशात पाहिलं आणि लगेच समोर पाहिलं. खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याने त्याचे केस नाचत होते. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

डॉक्टरांनी पंधरा दिवस डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही असं बजावलं होतं. डोळ्यात पाणी जाता कामा नये. अशा उन्हात पंधरा दिवस डोकं न धुणं म्हणजे काय ते मला सांगायला नको. वडिलांच्या डोक्यावर पांढरे केस दाट आहेत, जन्मभर तेल प्यालेले. शाळेला सुटी होतीच. मी आसगावला राहिलो. दिवसातून सहा वेळा डोळ्यात थेंब, आणि सकाळ-संध्याकाळ डोकं पुसणं. सुती फडकं साध्या पाण्यात भिजवायचं, थेंबही गळणार नाही असं पिळायचं, भांग पाडून पाडून टाळू पुसायची, कपाळाच्या चार बोटं मागेच थांबायचं. मग दुसऱ्या कोरड्या फडक्याने. या कामात मी लवकरच तरबेज झालो. ते डोळे मिटून बसत, आणि "डावीकडं", "जरा जोरानं", "तिथंच, तिथंच" एवढंच बोलत. माझ्या डोक्यावर हात ठेवायची वेळ ते येऊ देत नव्हते. मी पाया पडायला वाकलो की पाय खाटेवर घेत आणि म्हणत, "रोज रोज कायले? तू त इथंच आहे."

एका संध्याकाळी असंच डोकं पुसत होतो तेव्हा मोहाडीहून आत्याचा फोन आला, त्यांची धाकटी बहीण. फोन त्यांच्या कानाशी, फडकं माझ्या हातात. आत्याचा आवाज मोठा, पण बोलणं समजत नव्हतं. वडिलांचं मात्र सगळं समजत होतं.

"हो, हो, दिसते ना! वाफा दिसते, बांध दिसते. कोंबडी बी दिसली आज... नाही, दुखलं नाही काही. मी भेलो नाही... कोणी नेलं? मास्तरानं नेलं. अवो, याचा दोस्त तो. लय चांगला पोरगा. माहा हात सोडला नाही त्यानं... दुसरा डोळा? तो थंडीत. मास्तरले आत्ताच सांगून ठेवलं आहे..."

आत्याने काहीतरी विचारलं.

"हा? हा आहे ना इथंच. डोस्कं पुसून राहिला माहं." मग फोन जरा बाजूला करून, मान न वळवता, मला म्हणाले, "कानाच्या मांगं राह्यलं."

मी फडकं पुन्हा भिजवलं आणि पिळलं.